रिम लहान, टायर जाड

स्पोर्टी हॅचबॅक दारात उभी राहिली की महिन्याभरात मित्र विचारतातच, ‘‘मग, चाकं कधी बदलतोयस?’’ बदलायची म्हणजे मोठी करायची, हे त्यात गृहीतच असतं. 16 ची 17, 17 ची 18. रिम मोठा, टायर पट्टीसारखा बारीक आणि गाडी फोटोत झकास! उलट 16 काढून 15 बसवणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडे कंजूष म्हणून पाहिलं जातं. आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडी जोमाने आणि निर्धास्त चालवायची असेल, तर शहाणपण बहुतेक वेळा या ‘कंजुषा’च्याच बाजूला असतं.

जागतिक रॅली स्पर्धेतल्या गाड्या बघा. डांबरी टप्प्यावर त्या 18 इंची चाकांवर धावतात. खडी-मातीचा टप्पा आला की त्याच गाड्यांना 15 इंची चाकं लागतात. तिथे दिसण्यापेक्षा टायर शाबूत राहणं महत्त्वाचं. आपले पावसाळ्यानंतरचे रस्ते यातल्या कोणत्या टप्प्याच्या जवळचे, हे ज्याने त्याने ठरवावं.

आकड्यांचा हिशेब

ह्युंदाई आय20 एन लाइनच्या टायरवर 195/55 आर16 असं लिहिलेलं असतं. 195 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. 55 म्हणजे साइडवॉलची उंची या रुंदीच्या 55 टक्के, म्हणजे सुमारे 107 मिलिमीटर. 16 हा रिमचा इंचातला व्यास. रिम आणि दोन्ही बाजूंची साइडवॉल धरून चाकाचा पूर्ण व्यास भरतो जवळपास 621 मिलिमीटर.

आता 185/65 आर15 घ्या. साइडवॉल 120 मिलिमीटर आणि पूर्ण व्यास 621.5. म्हणजे रिम एक इंचाने लहान झाला, पण चाक तेवढंच राहिलं. स्पीडोमीटर, किलोमीटरची नोंद, गिअरिंग, ग्राउंड क्लीअरन्स, कशालाच धक्का नाही. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये मात्र 13 मिलिमीटर जास्त रबर आणि हवा आली.

फसगत होते ती रिम लहान करून टायरचे बाकीचे आकडे तसेच ठेवले की. 195/55 आर15 बसवला तर व्यास 25 मिलिमीटरने घटतो. गाडी साडेबारा मिलिमीटर खाली बसते आणि काटा पूर्वीपेक्षा चार टक्के जास्त वेग दाखवू लागतो. मूळ व्यासापासून दोन टक्क्यांहून अधिक फरक पडू देऊ नये.

मोठ्या गाडीलाही हाच हिशेब लागू आहे. 2025 मध्ये भारतात आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय 225/40 आर18 टायरवर येते. साइडवॉल जेमतेम 90 मिलिमीटर. 225/45 आर17 घेतला तर ती 101 होते आणि व्यासात फरक पडतो अर्ध्या टक्क्याहून कमी. याच गाडीच्या आधीच्या पिढ्या युरोपात 17 इंची चाकांवरही विकल्या गेल्या आहेत.

खड्ड्यात काय होतं?

चाक खड्ड्यात उतरतं आणि पुढच्या काठावर आपटतं. काठ टायरला आत दाबतो. साइडवॉल बुटकी असेल तर ती पूर्ण दबून काठ आणि रिमची कड यांच्यात चिमटली जाते. आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला बाजूने फुगा दिसतो. हा फुगा दुरुस्त होत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. धक्का जास्त असेल तर अलॉयची कड वाकते किंवा तडा जातो. उंच साइडवॉलला दबायला जागा असते, त्यामुळे तोच खड्डा बऱ्याचदा नुसत्या ‘धप्प’ आवाजावर निभावतो.

दुसरा फायदा वजनाचा. चाकाचं वजन सस्पेन्शन पेलत नाही, त्याला ते चाक सांभाळावं लागतं. चाक हलकं असेल तर ते रस्त्याचे उंचसखल भाग पटकन टिपतं आणि टायर जमिनीला धरून राहतो. पण लहान म्हणजे हलकं, असं समजू नका. स्वस्तातलं 15 इंची अलॉय चांगल्या 16 इंचीपेक्षा जड निघू शकतं. दुकानात वजनकाटा मागा.

तोटाही सांगायला हवा. उंच साइडवॉल वळणात थोडी लवते, त्यामुळे स्टीअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटतो. 185 ची पकड 195 पेक्षा थोडी कमी पडू शकते. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक लागतो तो मुख्यतः रबराच्या दर्जावर. साधारण 195 पेक्षा उत्तम 185 केव्हाही बरा.

किती लहान चालेल?

हे ब्रेक ठरवतो. स्पोर्टी गाडीची डिस्क आणि कॅलिपर मोठे असतात. म्हणून पैसे देण्याआधी नुसता रिम, टायरशिवाय, पुढच्या हबवर चढवून नट आवळायला लावा आणि हाताने फिरवून बघा. कॅलिपर आणि रिम यांच्यात चारही बाजूंनी किमान तीन मिलिमीटर फट हवी. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतल्या बाजूलाच बसतात. ती फट खातात, हे पुष्कळजण विसरतात.

मग पीसीडी, म्हणजे नट बसतात त्या वर्तुळाचा व्यास. तो तंतोतंत जुळलाच पाहिजे. ऑफसेट, म्हणजे रिमवर ‘ईटी’ने दाखवलेला आकडा, मूळच्या जवळ ठेवा. रिमची रुंदी तीच ठेवून ईटी 46 च्या जागी 35 घेतला, तर चाक 11 मिलिमीटर बाहेर येतं, फेंडरला घासू शकतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधलं भोक, हबपेक्षा मोठा असेल तर योग्य मापाची हब रिंग घाला, नाहीतर वेगात स्टीअरिंग थरथरतं. फोक्सवॅगनच्या बोल्टची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूच्या आकाराची. जुने बोल्ट तसेच वापरणं धोक्याचं.

टायरचा लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी नको. 87 म्हणजे 545 किलो, 88 म्हणजे 560. शेजारचं अक्षर वेगाचं: एच ताशी 210 किलोमीटर, व्ही 240.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. म्हणून तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये किंवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेलं मापच निवडणं सर्वांत सुरक्षित. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जा नाहीतर गावातल्या टायरवाल्याकडे, आधी माप पक्कं करा, रिम चढवून बघा आणि मगच डिझाइन निवडा. लहान रिममुळे वाचलेले पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. खर्च करावा असा तोच भाग आहे.