टाळेबंदीत पुस्तक आलं दारी!

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून अख्खा देश घरात बसला. शाळेला कुलूप, वाचनालयाला कुलूप. वाचन मात्र कुलपात मावलं नाही. गडचिरोलीच्या झाडीपट्टीपासून थेट विलायतेपर्यंत त्याने कुठून कुठून वाट काढली, बघा!

पेपर खिशात: १८ एप्रिल २०२० ला महाराष्ट्र सरकारने घरोघरी पेपर टाकण्यावर बंदी घातली. मग काय, चहाच्या कपाशेजारी पेपरची घडी जाऊन मोबाइल आला. पानं उलटणारं बोट पानं सरकवायला शिकलं!

अभ्यास व्हॉट्सअॅपवर: त्याच एप्रिलमध्ये राज्याचा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम सुरू झाला. रोजचा अभ्यास थेट पालकांच्या फोनवर!

रेंज नाही? गुरुजी आहेत! गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग जंगलाखाली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. इथे कुठलं ऑनलाइन! हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेची मुलं आपापल्या गावी परतली होती. शिक्षक त्यांच्यामागे गावोगावी पोचले आणि शाळा तिथेच भरली.

भिंत हेच पुस्तक: सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. येता-जाता मुळाक्षरं, येता-जाता गणित!

साथीत साथीचीच गोष्ट: फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची ‘द प्लेग’ ही १९४७ सालची कादंबरी फ्रान्स-इटलीत पुन्हा धडाक्यात खपली. ब्रिटनमध्ये दुकानं कित्येक आठवडे बंद होती, तरी २०२० साली २० कोटींहून जास्त छापील पुस्तकं विकली गेली. २०१२ नंतर प्रथमच!

फराळ पडद्यावर: १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. २०२० च्या दिवाळीत अनेक अंक ई-रूपात फोनवर आले.

काय योग! राज्यातली वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. त्या दिवशी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे आपला वाचन प्रेरणा दिन!

आणि पुढे? टाळेबंदी सरल्यावर गडचिरोली पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ हाती घेतलं आणि दुर्गम गावांत पुस्तकं पोचू लागली. हे काम थांबता कामा नये. पुढच्या पावसात पर्लकोटा चढेल, रस्ता बुडेल, टॉवरही रुसेल. तेव्हा गावात पुस्तकांनी भरलेलं एक कपाट हवंच!