मुलासाठी जुनी मोटारसायकल घेताना

मैत्रिणींनो, मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली, की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आई, आता मला गाडी पाहिजे." आमच्या सांगलीच्या घरी ते 2025 च्या जूनमध्ये ऐकू आलं. माझं लग्न झालं तेव्हा मी 19 वर्षांची. बी. ए. चं शेवटचं वर्ष मी याच चिरंजीवांना मांडीवर घेऊन पुरं केलं. त्यामुळे माझी चाळिशी यायच्या आतच हे मिसरूड फुटलेले गृहस्थ माझ्यापुढे उभे! कॉलेज 16 किलोमीटरवर, एस. टी. ची वेळ सोयीची नाही, मित्र तरी रोज किती दिवस मागे बसवून नेणार? सगळं पटण्यासारखंच होतं. पण नवी गाडी आमच्या ऐपतीबाहेरची. यांचा निम्मा पगार घराच्या हप्त्यात जातो आणि मी अर्धवेळ शिक्षिका. माझ्या भिशीचे 50,000 रुपये नुकतेच आले होते. त्यांत बसेल अशी जुनी गाडी घ्यायची, असं ठरलं.

आणि इथेच आपण बायका चुकतो. "गाडीतलं आपल्याला काय कळतंय?" असं म्हणून बाजूला होतो. बापलेक जातात, रंग बघतात, एक चक्कर मारतात आणि पैसे देऊन येतात. पण पैसे घरातले, आणि रात्री नऊ वाजले तरी पोरगा आला नाही म्हणून दारात उभं राहणाऱ्या आपणच ना? मग गाडी बघायलाही आपण का जाऊ नये? माठ वाजवून घेणारी, वांगी उलटीपालटी करून निवडणारी, साडीचं सूत उजेडात धरून बघणारी बाई गाडीपुढेच का बुजते?

सासूबाईंचा प्रश्न

आम्ही पहिली गाडी बघायला निघालो, तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कागदावर नाव कुणाचं आहे?" चिरंजीव हसले. "आजी, गाडी बघायची असते, नाव नाही!" त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी वाटेत मी त्याला सांगितलं.

मामंजींची एक स्कूटर होती. 2009 साली त्यांनी ती एका ओळखीच्या माणसाला विकली. पैसे घेतले, किल्ली आणि आरसी बुक हातात दिलं, झालं. 'नावाचं बघून घेईन' असं तो म्हणाला आणि मामंजींनी विश्वास ठेवला. तीन वर्षांनी घरी नोटीस आली. त्या स्कूटरने एका सायकलस्वाराला धडक दिली होती. विमा संपलेला, आणि सरकारदप्तरी मालक म्हणून मामंजीच! एकाहत्तराव्या वर्षी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. शेवटी भरपाईचा वाटा देण्यासाठी सासूबाईंनी आपल्या पाटल्या मोडल्या. त्यानंतर त्यांचे हात मोकळेच राहिले. नातवाने आजीच्या हातात पाटल्या कधी पाहिल्याच नाहीत, पण का नाहीत ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हेच स्पष्ट केलं. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, कायद्याने मालक तोच, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हात बदललेली असो. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही नाव बदलून घ्यायलाच हवं. त्यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 असतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, त्याची मुदत 14 दिवसांची. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं असलं, तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल का, तेही आधीच विचारा.

पहिली गाडी

एका एजंटाकडे ती उभी होती. 2018 ची, दीडशे सीसीची, लालभडक, नुसती चकाकत होती! चिरंजीवांनी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली होती. मी आरसी मागितली. नाव तिसऱ्याच माणसाचं. "तो माणूस गावाला आहे, सह्या नंतर मिळतील," असं उत्तर आलं. मला मामंजी आठवले.

मग मी सीट काढायला सांगितली. सीटखाली, वायरींच्या कडेकपारींत बारीक, वाळलेला, राखी रंगाचा गाळ होता. अहो, तो गाळ मी कुठेही ओळखीन! 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या माझ्या बहिणीचं घर आम्ही आठ दिवस धूत होतो. डब्यांच्या खाचांतून, शिलाई मशीनच्या पोटातून असाच गाळ निघत होता. पुरात बुडालेली गाडी वरून धुऊन, रंगवून नवी दिसते. पण वायरींचे जोड आतून गंजतात, चाकांतले बेअरिंग खराब होतात आणि दिवा नेमका अंधाऱ्या रस्त्यावर दगा देतो. सीटखाली, हेडलाइटच्या आत, स्क्रूंच्या खाचांत माती किंवा गंज दिसला, तर सरळ घरी या. आम्हीही आलो. चिरंजीव दोन दिवस धड जेवले नाहीत, पण तेवढं सोसायचं!

गाडी कशी बघावी?

पुढच्या तीन गाड्या बघताना मी आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींना बरोबर नेलं. त्यांनी 200 रुपये घेतले, पण शिकवलं मात्र हजाराचं. ते असं :

गाडी सकाळी बघा, आणि इंजीन थंड असताना. चटका बसणार नाही अशा बेताने हात जवळ न्या. इंजीन आधीच गरम असेल, तर सकाळी सुरू व्हायला गाडी कुरकुरते आणि विकणाऱ्याला ते लपवायचं आहे, असं समजा. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर इंजीन ऑइल जळतंय. मोठा खर्च जवळ आला. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं, तर आत पाणी गेलंय.

मीटरवरच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नका. मीटर 12,000 किलोमीटर सांगतंय आणि ब्रेकचा पायपट्टा, पाय ठेवायचं रबर जुन्या पाटावरवंट्यासारखं गुळगुळीत झालंय, तर कोण खरं बोलतंय ते तुम्हीच ठरवा. सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा. ज्याने पावत्या जपल्या, त्याने गाडीही जपली असण्याचा संभव असतो.

गाडी पडली होती का, हे तिच्या टोकांवरून कळतं. क्लचच्या आणि ब्रेकच्या दांड्यांची टोकं, सायलेन्सरची बाजू, पायदानाची कड घासलेली आहे का बघा. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का, तेही पाहा. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ नको.

चेन जिच्यावर फिरते त्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर चेनसेट बदलावा लागेल. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '2319' म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी उरलेली असली, तरी जुन्या टायरला भेगा पडतात. त्या नखाने चाचपून बघा.

शेवटी आरसीवरचे चेसिस नंबर आणि इंजीन नंबर गाडीवरच्या आकड्यांशी स्वतः जुळवा. मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला, की नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत दिसते. दंडाची चलनं थकली आहेत का, हेही मोबाइलवर बघता येतं. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल, तर नवी सुरक्षित नंबरपाटी बसवली आहे का, ते विचारा. आणि होता होईल तो त्या तारखेनंतरचीच गाडी घ्या. तेव्हापासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकीला एबीएस आणि लहान दुचाकीला दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. पोरं ब्रेक जोरात दाबतात, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

पैशांची विभागणी

50,000 हातात असले, म्हणजे 50,000 ची गाडी घ्यायची नसते, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. अखेर चौथी गाडी पसंत पडली. एका प्राथमिक शिक्षकांची, मार्च 2020 ची, 110 सीसीची, काळी, साधी. मीटर 31,000, पावत्यांची फाइल व्यवस्थित, आरसीवर त्यांचंच नाव. ते 46,000 म्हणत होते, 42,500 ला तुटली.

विमा मात्र त्याच मार्चमध्ये संपला होता, आणि सरांच्या ते लक्षातच नव्हतं! यात नवल नाही, बरं का. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. पाच वर्षं आठवण ठेवायची गरज नसते, आणि सहाव्या वर्षी माणूस विसरतो. म्हणून जुन्या गाडीच्या विम्याची तारीख आपणच वाचावी. आमच्या गाडीला थर्ड पार्टी विम्याचे करासह साधारण 850 लागले. मागचा टायर 1,600, चेनसेट आणि ऑइल 1,900, आणि दोन हेल्मेटं 2,400. मेस्त्रींचे 200 धरून एकूण 49,450. उरलेल्यात आरटीओचं शुल्क.

दोन हेल्मेटं कशाला, म्हणून चिरंजीवांनी कुरकुर केली. अरे, मागे बसणाऱ्याचं डोकं काय लोखंडाचं असतं? कायद्यानेही दोघांना हेल्मेट लागतं. नसलं तर 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बंद होऊ शकतं. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घ्या. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपली पोलिसाला दाखवायला ठीक, डोक्याला नाही.

आणि ज्यांचा मुलगा अजून सतरा वर्षांचा आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. "गल्लीतल्या गल्लीत चालवतो हो," म्हणून किल्ली देऊ नका. सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालते, मोटारसायकल नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी घरी आली. मी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. महिन्याभराने नव्या आरसीवर चिरंजीवांचं नाव आलं. तो ती घेऊन आधी आजीकडेच गेला आणि तिला नाव मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः एकदा वाचलं आणि मगच त्याच्या हातावर पेढा ठेवला.

मैत्रिणींनो, काळजी काही संपत नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला, की अजूनही हातातली पोळी तव्यावर थांबते. पण ब्रेक बरे आहेत, टायर नवा आहे, डोक्यावर हेल्मेट आहे आणि कागद चोख आहेत, एवढं मला ठाऊक असतं. ते ठाऊक असण्यासाठी मला मोटारसायकल चालवता यावी लागली नाही. फक्त बघायला जावं लागलं. तुम्हीही जा!