व्यवस्थापकाचे मोजमाप

औषधनिर्माणशाळेचा व्यवस्थापक किती कार्यक्षम, हे आपण बहुधा वर्षअखेरच्या विक्रीवरून ठरवितो. आम्हांस हे माप अपुरे वाटते. विक्री वैद्यांच्या विश्वासाने वाढते, ऋतुमानानेही वाढते. चरकाचार्यांनी परिचारकाची पारख सांगितली ती उपचारज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता या गुणांवरून. रुग्ण बरा झाला एवढ्यावरून नव्हे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील हळदच घ्या. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणून त्या नावाने आलेले प्रत्येक पोते निर्दोष ठरत नाही. ओलावा, कीड, मेटॅनिल यलोसारख्या रंगाची भेसळ यांसाठी नमुना तपासला जातो काय? अहवाल येईपर्यंत पोते वेगळे राहते काय? अनुसूची ‘टी’नुसार कच्च्या मालावर ‘तपासणीखाली’, ‘स्वीकृत’ किंवा ‘अस्वीकृत’ अशी स्थिती दर्शविणे आवश्यक आहे. वर्षभरात ‘अस्वीकृत’ अशी एकही नोंद नसेल, तर माल खरोखर उत्तम होता की डोळेझाक झाली, हे मालकांनी वही उघडून पाहावे. मात्र पोते नाकारल्याने हरिद्राखंड उशिरा तयार झाला म्हणून व्यवस्थापकास बोल लावला, तर पुढील खेपेस ती चिठ्ठी लागणारच नाही.