पाचव्या पिढीचे स्वतंत्र दूरसंचार जाळे : लाभ आणि जबाबदारी

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या परिसरात वसलेले वारजे हे एकेकाळी शेतीवाडीचे गाव होते. आज ते महानगराचे एक गजबजलेले उपनगर आहे. मुंबई–बंगळुरू महामार्गाचा कात्रज–देहूरोड बाह्यवळण भाग येथून जातो. पुणेकरांना पाणी पुरविणारे महानगरपालिकेचे जलकेंद्र येथे आहे. येथील टेकडीवर लोकसहभागातून वाढविलेले नागरी वन तर ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने नगरवन योजना जाहीर करताना साऱ्या देशापुढे आदर्श म्हणून ठेवले. अशा वस्तीत सकाळी महामार्गावरील वाहने, दिवसा शाळा, दुकाने व दवाखाने आणि सायंकाळी घरी परतलेली हजारो कुटुंबे एकाच दूरसंचार जाळ्यावर अवलंबून असतात. या सर्वांच्या गरजा सारख्या नसतात. चित्रपट पाहणाऱ्यास भरपूर वेग हवा असतो. पाण्याच्या मापकास वेग नको, पण अखंड जोडणी हवी. रुग्णवाहिकेतून रुग्णालयाशी होणाऱ्या संपर्कात क्षणाचाही विलंब परवडत नाही. या भिन्न गरजा एकाच यंत्रणेने कशा भागवाव्यात, या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाचव्या पिढीच्या ‘स्टँडअलोन’ म्हणजेच स्वतंत्र जाळ्याकडे पाहिले जाते.

चारी नवी, पाटकरी जुना

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, पाचव्या पिढीच्या सेवेचा देशात प्रारंभ झाला. सुरुवातीच्या टप्प्यासाठी निवडलेल्या तेरा शहरांत महाराष्ट्रातील मुंबई आणि पुणे यांचा समावेश होता. मात्र ही सेवा देण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांतील फरक सामान्य ग्राहकास दिसत नाही.

कोणत्याही मोबाइल जाळ्याचे दोन मुख्य भाग असतात. एक, मनोऱ्यावरील अँटेना, जी हँडसेटशी रेडिओलहरींद्वारे संपर्क साधते. दुसरा, जाळ्याचा गाभा, जो ग्राहकाची ओळख पटवितो, मार्ग ठरवितो आणि हिशेब ठेवतो. पहिल्या मार्गात मनोऱ्यावर नवी अँटेना बसविली जाते, पण गाभा चौथ्या पिढीचाच राहतो. कालव्याच्या भाषेत सांगावयाचे तर चारी नवी काढली, पण पाणी सोडण्याचा हुकूम जुन्याच पाटकऱ्याचा. यास परावलंबी किंवा ‘नॉन-स्टँडअलोन’ जाळे म्हणतात. दुसऱ्या मार्गात अँटेनाही नवी आणि गाभाही नवा असतो. जागतिक प्रमाणके ठरविणाऱ्या ‘थ्री-जी-पी-पी’ या संघटनेने पहिल्या मार्गाची प्रमाणके डिसेंबर २०१७ मध्ये, तर दुसऱ्याची जून २०१८ मध्ये पूर्ण केली.

भारतात दोन्ही मार्ग अनुसरले गेले. रिलायन्स जिओने आरंभापासून स्वतंत्र जाळ्याची निवड केली. भारती एअरटेलने प्रथम परावलंबी मार्ग स्वीकारला. त्यामुळे उपलब्ध यंत्रणेच्या आधारे सेवा लवकर देता आली. पुढे घरगुती वायरलेस इंटरनेटसाठी त्या कंपनीनेही स्वतंत्र जाळ्याकडे वळण्यास सुरुवात केली. ज्या कंपनीने सावधपणे जुना मार्ग धरला, तीही अखेर नव्याकडे का वळली, हे समजून घेतल्यास या तंत्राचे लाभ स्पष्ट होतात.

सेवा देणाऱ्यांना होणारे लाभ

पहिला लाभ जुन्या जाळ्यावरील भार हलका होण्याचा. परावलंबी पद्धतीत नवी सेवा घेणाऱ्या प्रत्येक हँडसेटला चौथ्या पिढीच्या लहरींशीही संपर्क ठेवावा लागतो. नवे ग्राहक वाढले की जुन्या लहरींवरील संकेतांची गर्दीही वाढते. स्वतंत्र जाळ्यात हे जोखड राहत नाही. कंपनीला जुने पट्टे यथावकाश नव्या सेवेसाठी मोकळे करता येतात, आणि दोन रेडिओ सतत चालू ठेवावे न लागल्यामुळे हँडसेटच्या बॅटरीचीही बचत होऊ शकते.

दुसरा लाभ जाळ्याचे कप्पे पाडण्याचा. यास ‘स्लाइसिंग’ म्हणतात. खडकवासल्याचे एकाच धरणातील पाणी पिण्यासाठी वेगळे आणि शेतीसाठी वेगळे राखून ठेवले जाते. तसेच एकाच जाळ्याचे स्वतंत्र भाग करून प्रत्येकास वेगळी हमी देता येते. वारज्यासारख्या ठिकाणी घरगुती इंटरनेटसाठी एक कप्पा, जलकेंद्राच्या मापकांसाठी दुसरा आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी तिसरा अशी रचना शक्य होते. सायंकाळी क्रिकेटचा सामना पाहणाऱ्यांची गर्दी झाली, तरी रुग्णवाहिकेच्या कप्प्यास धक्का लागू नये, हा या रचनेचा उद्देश आहे.

तिसरा लाभ विलंब कमी होण्याचा. नव्या गाभ्याची कामे विशिष्ट यंत्रांवर नव्हे, तर सर्वसाधारण संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावलीद्वारे होतात. त्यामुळे माहिती हाताळणारा भाग दूरच्या केंद्रात न ठेवता ग्राहकाच्या जवळ, शहरात किंवा कारखान्यातही ठेवता येतो. दुरुस्ती व विस्तार यांसाठीही दर वेळी नवी यंत्रसामग्री आणावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या पिढीसाठी अतिशय महत्त्वाच्या सेवांमध्ये रेडिओ टप्प्यावरील विलंब एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका आणि एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे जोडण्याची क्षमता असे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रत्यक्ष वापरात हा वेग सर्वत्र मिळत नाही. ते उद्दिष्ट आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

चौथा लाभ नव्या उत्पन्नाचा. वायर न ओढता घरोघरी इंटरनेट देणारी ‘जिओ एअरफायबर’ सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या आठ शहरांत सुरू झाली, त्यांत पुणेही होते. उद्योगांचे क्षेत्र त्याहून मोठे आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील महिंद्रा कारखान्यात एअरटेल व टेक महिंद्रा यांनी पाचव्या पिढीचे खास जाळे उभारल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. वाहनांमध्ये आज्ञावली भरणे आणि रंगकामाची कॅमेऱ्याद्वारे तपासणी करणे ही कामे त्यायोगे वेगाने होऊ लागली. अशा कारखान्यास लागणारी हमी स्वतंत्र गाभ्यातून अधिक काटेकोरपणे देता येते.

खर्चाची दुसरी बाजू

हे लाभ फुकट मिळत नाहीत. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी स्पेक्ट्रमसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. त्यावर नवा गाभा, मनोऱ्यांपर्यंत प्रकाशतंतू आणि कुशल मनुष्यबळ यांचा खर्च आला. भिंती भेदून दूरवर जाणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा स्वतंत्र जाळ्यास विशेष उपयोगी पडतो, पण तो महाग आहे. ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची क्षमता मोठी, तर पल्ला त्या मानाने कमी. शिवाय ग्राहकाचा हँडसेट स्वतंत्र जाळ्यास अनुकूल असावा लागतो. जुन्या हँडसेटधारकास चौथ्या पिढीवरच राहावे लागते.

हा खर्च अखेर कोणी भरावयाचा? जुलै २०२४ मध्ये प्रमुख कंपन्यांनी दर वाढविले आणि पाचव्या पिढीची अमर्याद सेवा वरच्या दराच्या योजनांपुरती ठेवली. कारखाने, रुग्णालये व संस्था यांच्याकडून नवे उत्पन्न मिळाले, तर सामान्य ग्राहकावरील बोजा मर्यादित राहू शकेल. ते न मिळाल्यास तो बोजा घरगुती देयकावर येण्याचा संभव आहे. या दृष्टीने कंपनीचा लाभ आणि ग्राहकाचे हित हे एकमेकांत गुंतलेले आहेत.

समान वागणुकीचा प्रश्न

कप्प्यांच्या व्यवस्थेतून आणखी एक प्रश्न उद्भवतो. अधिक पैसे देणाऱ्यास चांगला कप्पा आणि इतरांस उरलेली वाट, असे तर होणार नाही ना? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने इंटरनेटवरील समान वागणुकीचे तत्त्व मान्य करताना विशेष सेवांना मर्यादित सूट दिली. रुग्णवाहिकेस मिळणारा प्राधान्यक्रम समाजहिताचा आहे. तोच प्राधान्यक्रम केवळ पैशाच्या बळावर दिला गेल्यास ते सामान्य विद्यार्थ्याच्या मुळावर येईल. ही सीमारेषा जपणे हे नियामकाचे, तसेच जागरूक नागरिकांचेही कर्तव्य होय.

स्थानिक संस्थांचे काम

नवे जाळे दाट असावे लागते. त्यासाठी लहान अँटेना रस्त्यावरील खांबांवर बसवाव्या लागतात आणि जमिनीखालून तंतू न्यावे लागतात. दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तयार झालेले मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. परवानगीचे अर्ज विनाकारण पडून राहू नयेत, तसेच खोदलेला रस्ता पूर्ववत करून घ्यावा, ही दोन्ही कामे सारख्याच महत्त्वाची आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत तंतू नेण्याचे काम हाती घेण्यात आले. हा तंतू कार्यालयातील कपाटाशेजारी न थांबता शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि वाडीवस्तीवरील मनोरा यांच्यापर्यंत पोचला, तरच पुढील पिढीचे जाळे ग्रामीण भागात उभे राहू शकेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातील शंभर शिक्षणसंस्थांना पाचव्या पिढीच्या प्रयोगशाळा देण्यात आल्या. त्यांतून पाणी, शेती व आरोग्य यांसाठी उपयुक्त साधने तयार व्हावीत, अशी अपेक्षा आहे.

वारजे येथे ग्राहक दाट आहेत, म्हणून तेथे गुंतवणूक आपोआप येते. मुळशी किंवा राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्याच्या डोंगराळ वाडीत ती आपोआप येत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीस स्वतंत्र जाळ्यातून होणारी बचत आणि मिळणारे उत्पन्न यांचा काही अंश अशा वाडीपर्यंत पोचविणे, हे धोरणाचे खरे काम आहे. शहरातील महामार्गावर धावणारी रुग्णवाहिका आणि डोंगरातून रुग्णास खाली आणणारी गाडी या दोहोंना डॉक्टरांशी सारख्याच भरवशाने बोलता आले, तर या नव्या पिढीच्या जाळ्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.