मनाचे माप किती भरवशाचे?



पाड्यावर विहीर खोदली, शाळेला छप्पर घातले, डोळे तपासून चष्मे वाटले, तर दान देणाऱ्याला हिशेब दाखवणे सोपे असते. अलीकडे अनेक संस्था समुपदेशनाचेही काम करू लागल्या आहेत. आश्रमशाळेतील मुलांशी बोलणे, एकट्या पडलेल्या बायांचे गट बांधणे, दारूने पोळलेल्या कुटुंबांना आधार देणे ही कामे गरजेचीच आहेत. मात्र त्यांच्या अहवालांत आता 'मानसिक स्वास्थ्याचा सरासरी गुणांक ४२ वरून ५६ वर गेला' अशी वाक्ये दिसतात. वाचून बरे वाटते. पण हे ५६ आले कुठून? पुढच्या वर्षी मदत कोणत्या कामाला मिळावी हे अशा आकड्यांवरून ठरू लागले आहे, म्हणून त्यांच्या मागे काय असते ते आपण पाहू.

असे आकडे प्रश्नावलीतून येतात. जागतिक आरोग्य संघटनेची एक अगदी छोटी प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. तिच्यात पाचच गोष्टी विचारतात : गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, आणि रोजच्या जगण्यात मन रमेल असे काही होते का. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज जास्तीत जास्त २५, आणि तिला चारने गुणले की शंभरपैकी गुणांक मिळतो. इतके सोपे गणित आहे. अवघड आहे ते पुढेच.

अंगणवाडीत बाळाला झोळीत घालून काट्याला टांगतात ते आपण पाहिले आहे. तेच बाळ पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा टांगले आणि एकदा सात किलो, एकदा आठ किलो भरले, तर ताई ते वजन वहीत लिहिणार नाही, आधी काटा दुरुस्त करायला सांगेल. माप पुन्हा घेतले तरी तेवढेच भरते का, या कसोटीला विश्वासार्हता म्हणतात. काटा दर वेळी नेमाने अर्धा किलो जास्त दाखवत असेल तर तो या कसोटीला उतरेल, पण वजन खोटेच राहील. ती दुसरी कसोटी झाली, तिला वैधता म्हणतात. या दोहोंची गल्लत फार होते.

प्रश्नावलीचा काटा तपासायचा कसा? पहिली रीत अंगणवाडीचीच. त्याच माणसांना तेच प्रश्न थोड्या दिवसांनी पुन्हा विचारायचे आणि दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते पाहायचे. जुळणी ० ते १ या पट्टीवर सांगतात, १ म्हणजे तंतोतंत. ब्रिटनमधील वॉरिक आणि एडिंबरा या विद्यापीठांनी मिळून केलेली १४ विधानांची प्रश्नावली २००७ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याच्या अंतराने तपासली तेव्हा तिची जुळणी ०.८३ आली. मनासारख्या चंचल गोष्टीसाठी हे चांगलेच म्हणायचे.

मधला काळ किती ठेवायचा यात मात्र खरी मेख आहे. दुसऱ्याच दिवशी विचारले तर माणूस कालचे उत्तर आठवून सांगतो. फार लांबवले तर आयुष्यच बदललेले असते. सातपुड्यातील एखाद्या गावात पहिल्यांदा होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या धामधुमीत विचारले आणि दुसऱ्यांदा माणसे पुन्हा मजुरीला बाहेर पडण्याच्या तयारीत असताना, तर गुण बदलणारच. त्यात प्रश्नावलीचा दोष नाही, मनेच बदलली. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांचे वेळापत्रक ज्याला ठाऊक नाही, त्याने ही तपासणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी रीत एकाच बैठकीत करता येते. प्रश्न सगळे एकाच गोष्टीविषयी असतील तर त्यांची उत्तरेही साधारण एका दिशेने जायला हवीत. 'मन प्रसन्न असते' म्हणणारा पुढच्याच प्रश्नाला 'कशातच रस वाटत नाही' म्हणू लागला आणि असे वारंवार घडले, तर काहीतरी बिघडले आहे. अमेरिकेतील ली क्रॉनबाख या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली यासाठी 'अल्फा' नावाचे माप रूढ केले. ढोबळ मानाने ०.७ च्या वर अल्फा आला तर चालते, असे मानतात. पण तो फार वर गेला तरी शहाण्याने संशय घ्यावा. वर सांगितलेली ब्रिटिश प्रश्नावली ज्या जुन्या न्यूझीलंडच्या प्रश्नावलीवरून घडली, तिच्यात ४० प्रश्न होते आणि अल्फा ०.९४ होता. म्हणजे तेच ते शब्द बदलून पुन्हा विचारले जात होते. म्हणून प्रश्न कमी केले.

तिसरी तपासणी आपल्याकडे बहुतेक राहूनच जाते, ती म्हणजे विचारणारा बदलला तर उत्तर बदलते का? प्रश्न ओळखीच्या सिस्टरने विचारले आणि शहरातून आलेल्या तरुणाने वही काढून विचारले, यात फरक पडतो. वाचता न येणाऱ्या आजीला तर विधान वाचून दाखवावे लागते, आणि वाचणाऱ्याचा सूरच उत्तर सुचवून जातो. सहा पर्यायांची पट्टी तोंडी सांगणेही कठीण. त्यापेक्षा समोर पाच खडे ठेवून 'जितके दिवस बरे वाटले तितके उचला' म्हणणे सोपे जाते. मात्र अशी पद्धत बदलली की तपासणीही नव्याने करावी लागते.

आता भाषेकडे येऊ. मेळघाटातील कोरकू मुंडा कुळातली, गडचिरोलीतील गोंडी द्रविड कुळातली. नंदुरबारकडे भिली आणि पावरी बोलतात. पुण्यात मराठीतून तपासलेली प्रश्नावली तिथे जशीच्या तशी चालेल, असे धरून चालता येत नाही. नेहमीची पद्धत अशी की एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचे, आणि दोन्ही ताडून पाहायचे. तरी काही प्रश्न अडतातच. 'तुम्ही भविष्याविषयी आशावादी आहात का?' या प्रश्नावर कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे पाहतो. 'अडचणींवर मात करता येत नाही असे वाटले का?' याला 'नाही' म्हटले तर नेमके काय नाही, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. आणि आपल्या लोकांचे दुःख पुष्कळदा अंगातून बोलते : डोके ठणकते, छातीत धडधडते, अंग मोडून येते, झोप लागत नाही.

आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात हे वेगळ्या वाटेने केले गेले. तिथल्या शोना भाषेत मनाच्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडेही बाया 'लई इचार येतात' म्हणतात, तसेच. १९९० च्या दशकात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या अशाच बोलण्यातून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली घडवली. उत्तर फक्त हो किंवा नाही. पुढे गोव्यात, परक्या देशांत जन्मलेल्या पाच प्रश्नावल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ५९८ रुग्णांवर ताडून पाहण्यात आल्या. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही बऱ्यापैकी उपयोगी ठरल्या, पण आपल्या माणसांत तपासल्यानंतरच तसे म्हणता आले.

इथे मंडळीतील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या लोकांना उपकारस्तुतीची सवय आहे. 'कसे आहात?' म्हटले की 'देवाच्या कृपेने बरे आहे' हे उत्तर तयार असते, घरात चूल पेटलेली नसली तरी. त्यातून विचारणारे जर धान्य आणि औषध देणारेच असतील, तर त्यांना वाईट कसे वाटू द्यायचे? पुढच्या आठवड्यात विचारा, पुन्हा तेच उत्तर. जुळणी उत्तम येईल, अल्फाही उत्तम येईल, आणि रात्रभर जागणारी ती बाई आपल्या यादीत 'स्वस्थ' म्हणून राहील. अंगणवाडीचा नेमाने चुकणारा काटा तो हाच. म्हणून शक्य असेल तिथे प्रश्न मदत वाटणाऱ्याने विचारू नयेत.

आता त्या ४२ आणि ५६ कडे परत जाऊ. समजा, १०० मुलींना प्रश्न विचारले आणि सर्वांत कमी गुणांच्या २० जणींना समुपदेशनासाठी निवडले. त्यांतल्या काही खरोखर खचलेल्या असतील. काहींचा मात्र तो दिवसच वाईट असेल, ताप असेल, मैत्रिणीशी भांडण झाले असेल. तीन महिन्यांनी पुन्हा विचारले की या दुसऱ्या मुलींचे गुण काही न करताही वर जातील आणि गटाची सरासरी वाढेल. काटा जितका डळमळता, तितकी ही फुकटची सुधारणा मोठी. एकेका मुलीबाबत तर फारच जपावे. समजा, प्रश्नावलीची जुळणी ०.८४ आहे आणि गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १० आहे. तर एका वेळच्या गुणांत साधारण ४ गुणांची चूक धरावी लागते आणि दोन वेळच्या फरकात साडेपाचांहून थोडी अधिक. एकीचे गुण पाचाने वाढले, तेवढ्यावरून तिला बरी झाली म्हणून यादीतून काढू नये.

यावर उपाय आहे. तसाच दुसरा गट ठेवायचा, त्याला नेहमीचीच मदत द्यायची, आणि शेवटी दोघांची तुलना करायची. झिम्बाब्वेतच २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेर बाक मांडून, गावातल्या आजीबाईंना शिकवून लोकांशी बोलायला बसवले. त्या 'मैत्रीच्या बाका'ची परीक्षा हरारेतील २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांवर झाली आणि निकाल २०१६ मध्ये आला. मोजायला तीच शोना प्रश्नावली होती, तिच्यात गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची सरासरी ३.८१ होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची ८.९०.

एवढी मोठी परीक्षा प्रत्येक संस्थेला झेपणार नाही. पण पुढच्या वेळी अहवाल हातात आला की एवढे जरूर विचारा : प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, कोणी विचारले, त्या भाषेत ती प्रश्नावली आधी तपासली होती का, आणि तुलनेला दुसरा गट होता का. आणखी एक. काही प्रश्नावल्यांत जीव देण्याचे विचार येतात का, असेही विचारतात. त्याला 'हो' आले तर त्याच दिवशी त्या माणसाजवळ कोण बसणार, हे प्रश्न छापण्याआधी ठरलेले असावे. शासनाची टेली मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.