उन्हाळी यात्रेसाठी आइसबॉक्स घेताना

वैशाखात सोलापूरचा पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि मुलांच्या सुट्ट्याही नेमक्या त्याच दिवसांत येतात. भवानी पेठेतून पहाटे निघावे, बार्शीमार्गे कुंथलगिरी गाठून कुलभूषण-देशभूषण मुनींच्या सिद्धक्षेत्राचे दर्शन घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे, असा बेत अनेक घरांत ठरतो. पाणी व शिदोरी घरचीच हवी, म्हणून आइसबॉक्सची चौकशी सुरू होते.

“यात बर्फ तीन दिवस टिकतो,” असे दुकानदार प्रथम सांगतो. आपल्याला त्याचा उपयोग किती? बर्फाची गणना बावीस अभक्ष्यांत होते. शिवाय पदार्थ थंड राहिला म्हणून त्याची मर्यादा वाढत नाही. उकळलेल्या पाण्याची मर्यादा दिगंबर परंपरेत 24 तास मानतात. श्वेतांबर परंपरेत ती उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 4 व पावसाळ्यात 3 प्रहर असते. एका दिवसापलीकडे टिकणारा थंडावा विकत घेणे म्हणजे नको त्या मालात भांडवल अडकवणे होय.

पेटी स्वतः थंडी निर्माण करीत नाही, बाहेरची उष्णता आत येण्यास उशीर लावते, एवढेच. त्यामुळे भिंतीत काय भरले आहे ते विचारावे. पीयू फोम थर्माकोलपेक्षा सरस. झाकणातही तो आहे ना, हे आवर्जून पाहावे. स्वस्त पेट्यांचे झाकण पुष्कळदा पोकळ असते. कडेचे रबर घट्ट बसले पाहिजे.

बर्फाऐवजी गार पाण्यावरच भिस्त ठेवता येते. उकळून निवविलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. असे 5 लिटर पाणी 5 अंशांवरून 20 अंशांपर्यंत येताना जेवढी उष्णता शोषून घेते, तेवढी शोषण्यास सुमारे पाऊण किलो बर्फ लागला असता. म्हणजे पिण्याचे पाणीच ताक-श्रीखंडाला गार ठेवते. पेटी मात्र गच्च भरलेली हवी; मोठी पेटी घेऊन ती अर्धी रिकामी नेली, तर झाकण उघडताच आतली गार हवा निघून जाते. चौघांसाठी 15 ते 20 लिटरची पुरे.

मोटारीच्या 12 व्होल्टवर चालणाऱ्या साध्या थर्मोइलेक्ट्रिक पेट्यांचा मोह आवरावा. बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण 15 ते 20 अंशच त्या खाली उतरतात. 42 अंशांच्या दुपारी हा हिशेब ज्याचा त्याने करावा. इंजिन बंद असताना त्या बॅटरीही उतरवतात. कॉम्प्रेसरच्या पेट्या खरोखर फ्रिजसारख्या चालतात, पण त्यांची किंमत व वजन एका दिवसाच्या यात्रेला झेपणारे नाही.

आणखी एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. आतले कोपरे गोलसर आणि रबर काढून धुता येण्याजोगे असावे. ओल राहिली की तेथे बुरशी धरते आणि जीवोत्पत्ती होते. घरी परतताच पेटी पुसून, सावलीत झाकण उघडे ठेवून पूर्ण वाळवावी.