भद्रावतीच्या केंद्रापासून बोअरच्या मोटरपर्यंत : विजेचा कोणता ‘स्विच’ कुठे चालतो?

मावला (जि. आदिलाबाद) : पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. दोन्हीकडचे बाजार आणि सोयरीक एकच, पण २०१३ संपेपर्यंत दोन्हीकडची वीज मात्र एका चालीची नव्हती. दोन्हीकडे ५० हर्ट्झच, तरी पाय जुळत नव्हते. पाय न जुळणारे दोन बैल एका जुवाला जुंपले तर जू मोडतं, तसंच विजेचं.

हा तिढा सोडवला तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या पॉवरग्रिडच्या केंद्राने. १९९७-९८ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या दोन संचांचं आहे. पश्चिमेकडची एसी वीज इथे आधी डीसी होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन ४०० केव्हीच्या लाइनने रामगुंडमकडे जाते. गरज पडली तर उलटीही येते. डीसीला चालच नसते, त्यामुळे दोन ग्रीडचे पाय जुळवायची गरज उरत नाही.

याचा फायदा ३१ जुलै २०१२ ला दिसला. त्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड कोसळले, पण दक्षिण उभी राहिली. दक्षिण बाकी देशाशी डीसीनेच जोडलेली होती, हे त्यामागचं मोठं कारण. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि सगळा देश एका चालीत आला. तरी भद्रावतीचं काम संपलं नाही. एसी वीज आपल्या वाटेने वाहते. डीसी केंद्रातून मात्र किती मेगावॉट सोडायचे ते माणूस ठरवतो.

उघडतो, पण स्वतः बंद होत नाही

भद्रावतीत हे काम थायरिस्टर करतो. सिलिकॉनचा हा स्विच १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने काढला. पाटाचं एखादं दार असावं, तसा त्याचा स्वभाव. इशारा दिला की उघडतं, पण पाणी आपोआप थांबेपर्यंत बंद होत नाही. एसीत करंट दर फेरीत शून्यावर येतो, म्हणून काम निभतं. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना जोरकस ग्रीड लागतं. ग्रीड बसलं तर थायरिस्टरही बसतो. शिवाय आवारात मोठे फिल्टर आणि कपॅसिटर ठेवावे लागतात.

जमेची बाजूही मोठी आहे. एका थायरिस्टरला आठ हजार व्होल्टच्या पुढचा ताण सोसतो. तो एका सेकंदात ५० वेळाच चालू होतो, त्यामुळे उष्णतेत वाया जाणारी वीज कमी.

हवा तेव्हा बंद होणारा

दुसरा प्रकार आयजीबीटी. हा नळासारखा, हवा तेव्हा उघडा, हवा तेव्हा बंद करा. समोर ग्रीड मेलेलं असलं तरी हा स्वतः एसी तयार करू शकतो. पण एकाची ताकद साधारण ३.३ ते ६.५ हजार व्होल्टपर्यंतच, आणि प्रत्येक उघडझाप थोडी वीज खाते.

इथे ‘पातळ्यां’चा प्रश्न येतो. साध्या, दोन पातळ्यांच्या कन्व्हर्टरला दोनच व्होल्टेज माहीत असतात : वरचं आणि खालचं. त्यातून लाटेसारखी एसी घडवायची तर सेकंदाला हजारावर वेळा उघडझाप करावी लागते. उष्णता वाढते आणि लाट खडबडीत राहते. १९८१ मध्ये जपानच्या नाबाए, ताकाहाशी आणि अकागी यांनी मधली शून्याची पायरी घालून तीन पातळ्यांची रचना मांडली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीच्या मार्क्वार्ट यांनी पुढचं पाऊल टाकलं : एकसारखे शेकडो डबे ओळीने जोडायचे. प्रत्येक डब्यात एक कपॅसिटर आणि किमान दोन आयजीबीटी. डबा ओळीत घ्यायचा किंवा वगळायचा, एवढंच काम.

उदाहरणादाखल, ६४० किलोव्होल्टला दोन किलोव्होल्टचा एक डबा धरला तर एका ओळीत ३२० डबे लागतात. पायऱ्या इतक्या बारीक की लाट जवळपास गुळगुळीत होते आणि एकेका डब्याची उघडझापही कमी लागते. मात्र डबे, कपॅसिटर आणि नियंत्रण यांचा खर्च वाढतो.

एकाच गावात दोन्ही

नवीन आलं म्हणून जुनं मोडीत निघालं, असं नाही. तामिळनाडूतलं पुगलूर त्याचा पुरावा. छत्तीसगडच्या रायगडहून तिथे ६००० मेगावॉट आणणारी ८०० केव्हीची डीसी लाइन थायरिस्टरवर चालते. तिथूनच केरळच्या त्रिशूरला २००० मेगावॉट नेणारी, २०२१ ची ३२० केव्हीची लाइन मात्र आयजीबीटीच्या डब्यांवर. लांब पल्ला आणि प्रचंड वीज असेल तिथे थायरिस्टर. जागा तंग, केबल जमिनीखाली आणि वीज कमी-जास्त करत राहायची, तिथे आयजीबीटी. मुंबईसाठी कुडूस ते आरे हा १००० मेगावॉटचा प्रकल्पही दुसऱ्याच प्रकारचा.

आपल्या बोअरवर काय?

हाच हिशेब शेतात लागू होतो. सोलर पंपाचा कंट्रोलर आणि व्हीएफडी यांत सहसा दोन पातळ्यांचाच कन्व्हर्टर असतो. ४१५ व्होल्टच्या व्हीएफडीत डीसी साधारण ५८५ व्होल्ट होते आणि ती मोटरकडे धक्क्या-धक्क्याने जाते. बोअर खोल आणि केबल लांब असेल तर धक्का मोटरच्या टोकाला आपटून परत फिरतो, आणि तिथे व्होल्टेज जवळपास दुप्पट, म्हणजे ११०० च्या वर जाऊ शकतं. वाइंडिंगचं इन्सुलेशन हळूहळू कमजोर होतं आणि एक दिवस मोटर जळते. दोष मात्र लाइटवर किंवा रिवाइंडिंगवाल्यावर जातो.

बाजारात आता सिलिकॉन कार्बाइडचे स्विच येत आहेत. वीज कमी खातात, डबा लहान होतो, हे खरं. पण त्यांची उघडझाप इतकी झटक्याची की हाच त्रास कमी लांबीच्या केबललाही होऊ शकतो. तीन पातळ्यांच्या ड्राइव्हचा धक्का निम्मा असतो, पण तो महाग.

म्हणून घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. किती मीटर केबलपर्यंत हा ड्राइव्ह चालतो? त्यापुढे आउटपुट चोक किंवा साइन फिल्टर मिळेल का? आणि मोटरचं वाइंडिंग व्हीएफडीसाठीचं आहे का? साध्या डायरेक्ट किंवा स्टार-डेल्टा स्टार्टरवर हा प्रश्न नाही, कारण तिथे वीज तुकडे न होता जाते. चोकचा खर्च आधीच दरात धरलेला बरा. भर हंगामात बोअरमधून मोटर वर काढणं, रिवाइंडिंग करणं आणि तेवढे दिवस पाणी बंद राहणं, याचा हिशेब केला तर तो जड वाटणार नाही.